पाच देशांत डिफेंडर म्हणून खेळलो, त्याचे कागद आणि बाकी सगळं

९ नोव्हेंबर २०२४ ला मी शेवटचा प्रोफेशनल सामना खेळलो. ०-० झाला, डिफेंडरला याहून चांगला निरोप मिळत नाही. वय ३४, जागा सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीचा मधला, बरेच जण अजून स्टॉपरच म्हणतात. बारा वर्षं घराबाहेर, पाच देश. खेळाबद्दल लिहिणारे खूप आहेत म्हणून मी त्यावर कमी लिहिणार आहे. गेल्या महिन्यात एका १९ वर्षांच्या पोराने मला बाहेरच्या क्लबच्या कराराचे फोटो पाठवले आणि विचारलं, दादा, सही कुठे कुठे करायची? कराराच्या आत काय लिहिलंय हे त्याला विचारावंसंच वाटलं नव्हतं, आणि मला माझा २०१२ चा उन्हाळा आठवला, कारण मीही तेवढंच विचारलं होतं. म्हणून हे लिहायला बसलो.

देशांची आणि क्लबांची नावं मुद्दाम टाळतोय. एका क्लबशी भांडण फिफापर्यंत गेलं होतं, आणि साल, देश, पोझिशन एवढं सांगितलं की क्लब कोणता ते शोधायला पाच मिनिटं पुरतात. तेव्हा पहिला देश, दुसरा देश असंच म्हणतो.

जुलै २०१२. मी २२ वर्षांचा. एजंटचा फोन आला की दहा दिवसांची ट्रायल आहे, तिकीट तू काढ, सिलेक्ट झालास तर क्लब पैसे परत देईल. तिकिटाला माझा तेव्हाचा जवळपास दोन महिन्यांचा पगार गेला. मी सिलेक्ट झालो तरी ते पैसे आजतागायत आलेले नाहीत कारण ते फक्त फोनवर ठरलं होतं, आणि क्लबच्या ऑफिसात विचारलं तर त्यांना असं काही ठरलंय हेच माहीत नव्हतं. ट्रायलला जाताना क्लबच्या लेटरहेडवर पत्र मागा, त्यात तारखा, तिकीट कोणाचं, राहायचं कुठे, आणि ट्रायलमध्ये पाय मोडला तर उपचाराचे पैसे कोण देणार हे लिहिलेलं असू दे. शेवटचा मुद्दा लोकांना मागायला लाज वाटते, मलाही वाटली होती. पण मागितलं म्हणून पत्र नाकारणारा क्लब पुढे पगार कसा देईल याचाही अंदाज तिथेच येतो. आणि ट्रायलला जायचा व्हिसा वेगळा, काम करायचा वेगळा. ट्रायलच्या व्हिसावर अधिकृत सामना खेळून बसलेली पोरं मी पाहिलीत, ती पुढे बरीच वर्षं त्या देशात परत जाऊ शकली नाहीत.

ट्रायलमध्ये स्ट्रायकरचं बरं असतं, एक गोल मारला की सगळ्यांना दिसतो. डिफेंडरचं चांगलं काम म्हणजे जे घडलंच नाही ते. मी पहिल्या सराव सामन्यात घाबरून सगळीकडे धावत सुटलो, टॅकलवर टॅकल, लोकांनी टाळ्याही वाजवल्या, आणि संध्याकाळी वाटलं झालं आपलं काम. नंतर असिस्टंट कोचने सांगितलं की पहिल्या सामन्यानंतर त्यांनी मला जवळजवळ काढलंच होतं, कारण इतक्या वेळा जमिनीवर झोपावं लागतं म्हणजे आधी उभं राहायची जागा चुकलेली असते. तिसऱ्या सामन्यात मी थकलो होतो म्हणून कमी धावलो, जागा धरून राहिलो, आणि त्यावरच घेतलं मला. बॉल मैदानाच्या पलीकडच्या बाजूला असताना तुम्ही कुठे उभे आहात आणि मान किती वेळा वळवताय, हे कोच बघत असतात. ट्रायलला जाणाऱ्या प्रत्येक डिफेंडरला मी पहिलं हेच सांगतो.

९ ऑगस्टला करार हातात आला. सहा पानं, डाव्या बाजूला त्यांची भाषा, उजव्या बाजूला इंग्रजी, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत बारीक अक्षरात की दोन्हींत फरक आढळला तर डावी बाजू धरली जाईल. मी सही करायला पेन उचललं होतं. माझी ताई अकाउंट्सचं काम करते, तिला पानांचे फोटो पाठवले होते, तिचा लगेच फोन आला.

"पगाराचा आकडा दिसतोय, पण तो हातात येणारा की टॅक्स कापायच्या आधीचा?"

"क्लबवाले म्हणाले एवढा पगार."

"म्हणाले ते सोड रे, लिहिलंय कुठे ते दाखव."

लिहिलं नव्हतं. विचारल्यावर कळलं की टॅक्स कापायच्या आधीचा आकडा, म्हणजे हातात जवळपास एक तृतीयांश कमी. तरीही मी सही केली, कारण दुसरा पर्याय नव्हता, पण निदान जाणून केली. त्यानंतरच्या प्रत्येक करारात नेट की ग्रॉस हा शब्द असल्याशिवाय मी पेन हातात घेतलं नाही. ताईने तेव्हा एक निळी फाईल करायला लावली, जो कागद हातात येईल तो त्यात, मूळ प्रत आणि स्कॅन दोन्ही. ती फाईल पुढे पाच देश फिरली आणि एकदा तिने मला वाचवलं, ते पुढे येईलच.

आता आयटीसी. इंटरनॅशनल ट्रान्सफर सर्टिफिकेट. एका देशाच्या फेडरेशनकडून दुसऱ्या देशात खेळायला जाताना जुन्या फेडरेशनने हा दाखला दिल्याशिवाय नव्या ठिकाणी तुमची नोंदणी होत नाही, करार असला तरी, व्हिसा असला तरी, तुम्ही रोज संघाबरोबर सराव करत असलात तरी. ऑक्टोबर २०१० पासून पुरुष प्रोफेशनल्ससाठी हे सगळं फिफाच्या टीएमएस नावाच्या ऑनलाइन सिस्टिममधूनच जातं. त्यात नवा करार, ओळखीचा पुरावा, जुना करार संपल्याचा पुरावा, आणि तुमच्या ट्रान्सफरवर कुठल्या तिसऱ्या माणसाचा हक्क नाही असं तुमच्या सहीचं पत्र, असे कागद चढवावे लागतात. ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लब बदलून नोंदणी करायची ठरलेली मुदत, बंद व्हायच्या दिवसापर्यंत निदान आयटीसीची मागणी तरी गेलेली असावी लागते. आमची विंडो ३१ ऑगस्टला बंद होणार होती आणि मागणी गेली २८ ला.

मागणी गेली आणि अडकली. माझ्या जुन्या क्लबने त्यांच्या फेडरेशनकडे कराराची शेवटची तारीख ३१ मे ऐवजी ३१ डिसेंबर अशी भरली होती. म्हणजे कागदावर मी अजून त्यांचाच खेळाडू. तेव्हाच्या नियमाने जुन्या फेडरेशनने सात दिवसांत उत्तर द्यायचं होतं, माझं प्रकरण २० दिवस चाललं. (आता जानेवारी २०२५ पासून हा वेळ ७२ तासांवर आणलाय. लसाना दियारा या फ्रेंच खेळाडूच्या खटल्यात ४ ऑक्टोबर २०२४ ला लक्झेंबर्गच्या युरोपियन कोर्टाने निकाल दिला, त्यानंतर फिफाला हे नियम बदलावे लागले.) त्या २० दिवसांत मी रोज सकाळी सराव करायचो, दुपारी जुन्या क्लबच्या ऑफिसला फोन, आणि सामन्याच्या दिवशी गळ्यात पास घालून स्टँडमध्ये. टीमशीटवर नाव नाही. बाकीचे खेळाडू काही वाईट वागत नव्हते, पण जो खेळत नाही त्याच्याशी काय बोलायचं हे कुणालाच सुचत नाही. रात्री झोप लागायची नाही, वाटायचं सकाळी उठल्यावर सांगतील की परत जा.

१७ सप्टेंबरला दाखला आला, २९ ला पहिला सामना खेळलो. ही चूक टाळायला खर्च शून्य आहे: जुना क्लब सोडायच्या दिवशीच करार कोणत्या तारखेला संपला याचं सही-शिक्क्याचं पत्र घेऊन निघायचं. आणि प्लेअर पासपोर्टची प्रतही मागायची, म्हणजे बारावा वाढदिवस आला त्या वर्षापासून तुम्ही कोणकोणत्या क्लबकडे नोंदलेले होतात त्याची यादी. ही यादी यासाठी, की २३ वर्षांपर्यंतच्या खेळाडूला घेताना नव्या क्लबला तुम्हाला घडवणाऱ्या क्लबांना ट्रेनिंग कॉम्पेन्सेशन द्यावं लागू शकतं. माझ्या क्लबने मलाच सांगितलं की जुन्या क्लबांकडून 'आम्हाला पैसे नकोत' अशी पत्रं आण. एका क्लबने लगेच दिलं, दुसऱ्याने तीन आठवडे घेतले. पत्र मिळवायला मदत करा पण ते पैसे तुम्ही स्वतःच्या खिशातून देऊ नका, तो दोन क्लबांमधला व्यवहार आहे. मला हे माहीत नव्हतं आणि मी जवळजवळ कर्ज काढणार होतो.

वर्क परमिटसाठी पोलिसांचा दाखला, त्यावर अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), मग अधिकृत भाषांतर, मग त्या भाषांतरावर पुन्हा शिक्का. सगळ्याला मिळून साधारण एका महिन्याच्या पगाराचा तिसरा भाग गेला. भाषांतराच्या चार प्रती एकदमच करून घ्या, नंतर एकेक मागितली की दरवेळी पूर्ण फी घेतात.

पण खरं सांगू तर कागदापेक्षा मला पहिल्या वर्षी जास्त त्रास भाषेने दिला. विंगरला भाषा नसली तरी चालून जातं, बॉल द्या, तो पळतो. सेंटर बॅकचं अर्धं काम तोंडाने असतं. लाइन वर काढायची, फुलबॅकला आत खेचायचं, समोरच्या मिडफिल्डरला सांगायचं की तुझ्या मागे माणूस आहे, गोलकीपर पुढे येतोय की नाही हे ऐकायचं, आणि हे सगळं अर्ध्या सेकंदात. घरच्या मैदानावर मी सतत बोलणारा खेळाडू होतो, इथे मुका झालो. चौथ्या सामन्यात एक लांब बॉल आला, गोलकीपर पुढे आला, मी त्याला 'सोड, सोड' म्हणून ओरडलो, मराठीतच. त्याला वाटलं मी त्याला बोलावतोय. दोघं एकमेकांवर आदळलो आणि त्यांच्या नऊ नंबरने रिकाम्या गोलमध्ये बॉल ढकलला. ड्रेसिंग रूममध्ये गोलकीपर काही बोलला नाही, टॉवेल डोक्यावर घेऊन बसला. त्या रात्री मी अकरा शब्द लिहून काढले, सोड, माझा, बाहेर ये, वेळ आहे, वळ, मागे बघ, डावीकडे, उजवीकडे, वर चला, थांब, खाली या. दुसऱ्या दिवशी त्याच गोलकीपरकडून त्यांचे उच्चार शिकलो, नुसते नाही, ओरडून, कारण हळू आवाजात आलेला शब्द धापा टाकत असताना ऐनवेळी सुचत नाही. पुढे प्रत्येक देशात पहिल्या आठवड्यात हेच अकरा शब्द शिकलो. व्याकरण नंतर.

दुसऱ्या देशाची गोष्ट पटकन होते कारण तिथे सगळं नीट झालं. करार संपायला सहा महिने किंवा कमी राहिले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी मोकळेपणाने बोलू शकतो, तसं मी जानेवारी २०१४ मध्ये बोललो, फेब्रुवारीत सही, जुलैपासून तिकडे. करार संपल्यावर असं मोकळं निघून जाता येतं त्यामागे बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमन या फुटबॉलपटूने लढलेला खटला आहे, १५ डिसेंबर १९९५ चा निकाल. त्याचं स्वतःचं करिअर त्यात संपलं. मी त्या निकालाच्या वेळी पाच वर्षांचा होतो आणि त्या माणसामुळे मला निघता आलं, हे मला दर ट्रान्सफरला आठवायचं.

१३ मार्च २०१६ ला गुडघा गेला. कुणी धक्का मारला नाही, टॅकल नाही, मी फक्त वळलो आणि आतून आवाज आला. एसीएल, गुडघ्यातला मुख्य लिगामेंट, फाटला होता. अकराव्या दिवशी ऑपरेशन, मग नऊ महिने. करार चालू होता म्हणून पगार मिळत राहिला, करारात दुखापतीच्या काळातला पगार, आणि डॉक्टर कोण निवडणार, दुसरं मत घ्यायचा हक्क आहे का, हे लिहिलेलं असणं किती महत्त्वाचं आहे ते तेव्हा कळलं. एमआरआयची सीडी, ऑपरेशनचा रिपोर्ट, रिहॅबच्या प्रत्येक टेस्टचे आकडे, सगळ्याची प्रत स्वतःकडे ठेवा. क्लब सोडल्यावर तो मेडिकल स्टाफही बदललेला असतो आणि कुणालाच फाईल सापडत नाही.

त्याचं महत्त्व वर्षभरात कळलं. जून २०१७, करार संपत आलेला, तिसऱ्या देशातल्या क्लबशी सगळं ठरलेलं. दोन दिवसांचं मेडिकल. पहिल्या दिवशी रक्त, ईसीजी, हृदयाची सोनोग्राफी, दुसऱ्या दिवशी दोन्ही गुडघ्यांचा एमआरआय आणि ते मशीन ज्यात बसून पाय लाथ मारल्यासारखा ढकलायचा आणि दोन्ही पायांची ताकद मोजतात. डॉक्टर माझ्याशी नीट बोलला, हसला. संध्याकाळी एजंटचा फोन, क्लब नाही म्हणतोय. मी घरी सांगून बसलो होतो, बाबांनी चार लोकांना फोनही केले होते. फिफाचा नियम असा की करार झाल्यावर मेडिकल किंवा वर्क परमिट या अटीवर तो लटकवता येत नाही, म्हणूनच क्लब मेडिकल सहीच्या आधी करतात. तेव्हा सही झाल्याशिवाय घरी सांगू नका, आणि जुनं भाड्याचं घरही सोडू नका. मी दोन्ही केलं होतं.

मग १ जुलै ते ११ सप्टेंबर, ७३ दिवस क्लब नाही. सकाळी एकट्याने धावायचं, भिंतीवर बॉल मारायचा. डिफेंडरला एकट्याने सरावच करता येत नाही हो, समोर माणूस नसेल तर अडवणार कुणाला. त्या काळात मला ब्राझीलचा सेंटर बॅक थियागो सिल्वाचा खूप आधार वाटला. २००५ साली मॉस्कोत असताना त्याला टीबी झाला होता, कित्येक महिने हॉस्पिटलमध्ये काढले, आणि त्यानंतर तो मिलान, पॅरिस, चेल्सी इथे खेळला. रोज रात्री त्याचे जुने सामने बघायचो. दुसरी मदत खेळाडूंच्या युनियनची झाली. फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेशी जोडलेल्या बऱ्याच देशांच्या युनियन उन्हाळ्यात करार नसलेल्या खेळाडूंचे कॅम्प घेतात, कोच असतो, फिजिओ असतो, क्लबांविरुद्ध सराव सामने होतात. मी चार आठवडे तिथे होतो. माझ्यासारखीच वीसेक माणसं, कुणी ३३ वर्षांचा, कुणी २० चा, सकाळी सगळे फोन हातात घेऊन बसलेले. तिथल्या एका सामन्यात मला बघून दुसऱ्याच एका क्लबने बोलावलं. माझ्याकडे रिहॅबच्या टेस्टचे सगळे आकडे होते, ते त्यांच्या डॉक्टरसमोर ठेवले, त्याने तासभर बघितले आणि हो म्हणाला. १२ सप्टेंबरला सही. विंडो बंद झाली होती पण विंडो संपायच्या आधीच करार संपलेल्या खेळाडूची नोंदणी नंतरही होऊ शकते. हा नियम बऱ्याच पोरांना माहीत नसतो आणि ती १ सप्टेंबरला आशा सोडून घरी जातात.

तिसऱ्या देशात तीन सीझन, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. २०१९ च्या उन्हाळ्यात गोल किकचा नियम बदलला, बॉल पेनल्टी एरियाच्या बाहेर जायच्या आधीच घेता येऊ लागला, आणि माझं काम २९ व्या वर्षी नव्याने शिकावं लागलं. आधी मी बॉक्सच्या बाहेर उभा राहून हेडर मारायचो, आता गोलकीपरच्या शेजारी उभं राहून, समोरून दोन स्ट्रायकर धावत येताना पहिला पास द्यायचा. पहिले दोन महिने पोटात गोळा यायचा. मग आवडायला लागलं, खरंच आवडायला लागलं, सगळं मैदान समोर दिसतं. मार्च २०२० ला कोविडमुळे लीग थांबली, पगारकपातीच्या कागदावर सही केली, आणि करार ३० जूनला संपत असताना सीझन पुढे गेला म्हणून सहा आठवड्यांची मुदतवाढ घेतली. ती लेखी घेतली, विम्यासकट.

आता चौथा देश. ऑगस्ट २०२० मध्ये गेलो, दोन वर्षांचा करार, आतापर्यंतचा सगळ्यात मोठा पगार. पहिलं वर्ष पाच-सात दिवस उशीर व्हायचा, बस. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरचा पगार ऑक्टोबरच्या शेवटी आला. नोव्हेंबरचा आलाच नाही. विचारलं की पुढच्या आठवड्यात. सगळ्यांचीच ही अवस्था होती, ड्रेसिंग रूममध्ये पगारवाढीपेक्षा घरभाड्याची चर्चा. फिफप्रोने २०१६ साली ५४ देशांतल्या जवळपास १४ हजार खेळाडूंना विचारून रिपोर्ट काढला होता, त्यात ४१ टक्के खेळाडूंचा पगार आधीच्या दोन सीझनमध्ये कधी ना कधी उशिरा झाला होता. मी तो आकडा आधी वाचला होता आणि वाटलं होतं, असेल कुठेतरी.

त्यात अजून एक. परमिटच्या नूतनीकरणासाठी म्हणून टीम मॅनेजरने डिसेंबरमध्ये माझा पासपोर्ट घेतला आणि दोन आठवडे परत दिला नाही. मी रोज मागायचो, रोज उद्या. परत मिळाला, पण ते दोन आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. पासपोर्ट कुणाच्याही हातात सोडू नका, लागला तर स्वतः बरोबर जा, काम झालं की तिथूनच परत घ्या.

डिसेंबरचाही पगार नाही आला. नियम असा आहे की क्लबने निदान दोन महिन्यांचे पगार थकवले, तर खेळाडूने लेखी नोटीस द्यायची, किमान १५ दिवस द्यायचे, आणि तरीही पैसे आले नाहीत तर करार तोडायला ते योग्य कारण धरलं जातं. हा नियम २०१८ पासून आहे. आमच्यातला एक जण रागाच्या भरात नोटीस न देता विमानात बसला आणि तोच गोत्यात आला, क्लबने उलट त्याच्यावरच करार मोडल्याचा दावा केला. युनियनच्या वकिलाने मला स्पष्ट सांगितलं, सरावाला रोज जा, वेळेवर जा, आणि गेल्याचा पुरावा ठेव. ४ जानेवारी २०२२ ला नोटीस ईमेलने आणि कुरिअरने, दोन्ही. तारीख, रक्कम, बँक खात्याचा नंबर, मुदत, सगळं त्यात. ते १५ दिवस मला एकट्याला बाजूच्या मैदानावर पळायला लावलं. मी पळालो. रोज तिथला फोटो वकिलाला पाठवला. २० जानेवारीला करार संपल्याचं पत्र दिलं आणि त्याबरोबर परमिटही गेलं, माझ्या बाबतीत ३० दिवसांत देश सोडायचा होता.

त्या वेळी जिथे लीग वसंतापासून शरदापर्यंत चालते अशा देशांकडे बघितलं, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी विंडो मार्चमध्येही उघडी असते. २१ फेब्रुवारीला पाचव्या देशात सही झाली, पगार निम्मा. असं मध्येच हलताना एक लक्षात ठेवा, एका सीझनमध्ये तीन क्लबांकडे नोंदणी चालते पण अधिकृत सामने सहसा दोनच क्लबांकडून खेळता येतात.

८ मार्च २०२२ ला फिफाच्या फुटबॉल ट्रिब्युनलकडे दावा टाकला. खेळाडूला याची फी लागत नाही, वकिलाचा खर्च मात्र आपला, माझा युनियनने बराचसा उचलला. घटनेपासून दोन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. कागद काय लागले तर करार, बँकेचं स्टेटमेंट, नोटीस, नोटीस पोचल्याचा पुरावा, आणि माझ्या बँक खात्याचा फिफाचा ठरलेला फॉर्म. हे सगळं मी एका संध्याकाळी दिलं, कारण निळ्या फाईलमध्ये सगळं होतं, माझ्याबरोबरच्या दुसऱ्या खेळाडूला करारच सापडत नव्हता आणि क्लब त्याला प्रत देत नव्हता. थकलेला पगार, कराराचे उरलेले महिने, त्यातून नव्या क्लबचा पगार वजा, आणि थकबाकीमुळे करार तुटला म्हणून तीन महिन्यांचा जादा पगार, वर ५ टक्के व्याज, असा हिशोब २०२२ च्या नियमाने मांडला होता. क्लबने उत्तरात लिहिलं की मी बेशिस्त होतो. ते फोटो तिथे उपयोगी पडले.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निकाल, माझ्या बाजूने. पूर्ण नाही, उरलेल्या महिन्यांचे थोडे कमी केले. क्लबला ४५ दिवस दिले होते, न दिल्यास नवीन खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी, तीन विंडोपर्यंत. लोझानच्या कोर्ट ऑफ आर्बिट्रेशनकडे, म्हणजे खेळांच्या लवादाकडे, अपील करायला २१ दिवस असतात, ते दिवस मी कॅलेंडरवर खोडत होतो. अपील झालं नाही. ४३ व्या दिवशी पैसे खात्यात आले. मी सरावाहून येऊन बसमध्ये होतो, मेसेज दिसला, ताईला फोन केला आणि मला बोलताच येईना. ती म्हणाली, "रड रे, रडून घे." पैशापेक्षा आठ महिने कुणीतरी मला बेशिस्त म्हणत होतं ते उतरलं.

पाचव्या देशाबद्दल एवढंच, छोटा क्लब, दर महिन्याच्या २५ तारखेला पगार, अकरा शब्द, नवीन उच्चार. २०२३ मध्ये घोट्यात इंजेक्शन द्यायचं ठरलं तेव्हा मी डॉक्टरला दोनदा विचारलं, कारण १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धेच्या काळात सगळीच ग्लुकोकॉर्टिकॉइड (सूज कमी करणाऱ्या स्टिरॉइडची) इंजेक्शनं डोपिंगच्या बंदीच्या यादीत आहेत, आधी सांध्यात दिलेली चालायची. सामन्याची तारीख बघून पुढे ढकललं. औषध दुसऱ्याने दिलं तरी टेस्टवर नाव आपलं असतं.

लोक विचारतात, बाहेर जाऊन किती सामने खेळलास. आपला भारताचा डिफेंडर संदेश झिंगन २०२१ साली क्रोएशियात शिबेनिकला गेला, दुखापतींमुळे एकही सामना न खेळता जानेवारी २०२२ मध्ये परत आला, आणि लोकांनी तेवढंच मोजलं. त्याच महिन्यात मी बाजूच्या मैदानावर एकटा पळत होतो. मला त्या आकड्यामागे काय काय असू शकतं ते माहीत आहे, म्हणून वाईट वाटलं होतं.

निवृत्तीलाही कागद असतो. शेवटच्या प्रोफेशनल सामन्यानंतर किमान ३० दिवस गेल्याशिवाय हौशी खेळाडू म्हणून नोंदणी होत नाही, आणि खेळणं पूर्ण सोडलं तरी शेवटच्या क्लबच्या फेडरेशनकडे ३० महिने नाव राहतं. मी ३० दिवस थांबलो, मग इथल्याच एका हौशी संघाचा एक पानी फॉर्म भरला. त्यात पगाराचा रकानाच नाही. सही करायच्या आधी मी तरीही पूर्ण वाचला.

त्या पोराचा करार मी आणि ताईने मिळून वाचला. चौथ्या पानावर पगाराचा आकडा आहे, नेट की ग्रॉस लिहिलेलं नाही. जुन्या क्लबचं तारखेचं पत्रही त्याच्याकडे नव्हतं. पत्र काल मिळालं त्याला. नेटची ओळ टाकून क्लब करार परत पाठवतोय म्हणे. विंडो बंद व्हायला अजून अकरा दिवस आहेत.